दुसऱ्यांदा वाजवण्याआधीचा चहा

“वा,” असं कुणीतरी म्हणालं आणि माझी शांतता मोडली.

फरहाचा चेलो सावकाश खाली उतरत उतरत गप्प झाला होता, व्हायोलिनवरच्या अंतरानं आणि व्हायोलावरच्या जैदनं तारांवरून गज उचलले होते, आणि ज्या एका जागेसाठी मी दोन उन्हाळे खर्ची घातले ती जागा नुकती कुठं सुरू झाली होती. तिथं काहीच वाजायचं नव्हतं. एक लांबलचक थांबा होता, ऐकणाऱ्याला आधी बरा वाटणारा, मग जरा अवघड वाटणारा, मग पुन्हा बरा वाटणारा, निदान लिहिताना तरी मी तसं धरून चालले होते. त्यात हे “वा” आलं. मुद्दाम म्हटलेलं नव्हतं. पोटभर जेवल्यावर माणूस नकळत हुश्श करतो तसं निघालेलं होतं. तेवढ्यानं जैदचा व्हायोला पुढं सुटला, त्याच्यामागं नाइलाजानं त्या दोघी निघाल्या, आणि उरलेली शांतता जागच्या जागी खलास झाली. माझे कान तापले. मान वळवून बघायची सोय नव्हती, कारण ही रचना माझी आहे हे त्या खोलीत कौशिकदादा सोडून कुणाला माहीत नव्हतं. बघायची गरजही नव्हती. तो आवाज मी लग्न झाल्यापासून ओळखते. शेजारच्या खुर्चीत माझे सासरे बसले होते.

बाबांना मीच घेऊन आले होते, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? माझा नवरा मिहीर प्लांटच्या शटडाउनच्या कामावर, लेक मैत्रिणीकडे द पर्लला, आणि व्हिजिट व्हिसावर इथं दोह्याला आलेल्या माणसाला शुक्रवारच्या दुपारी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये भिंतींकडे बघत बसवणं मला बरं वाटेना. गाणंबजावणं आहे म्हटल्यावर ते झोपेतून उठले, रेशमी झब्बा चढवला, अत्तर लावलं आणि माझ्याआधी लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले. नव्या पद्धतीचं संगीत आहे, तुम्हाला कदाचित आवडणार नाही, असं मी गाडीत दोनदा सांगितलं. ते म्हणाले, न आवडायलाही ऐकावंच लागतं. तिथं दाद द्यायची नसते, तेही सांगितलं. त्यावर त्यांनी एखाद्या शहाण्या मुलासारखी मान डोलावली. बाबा नाशिकचे दातांचे डॉक्टर. उभं आयुष्य दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगण्यात गेलं. स्वतःचं बंद ठेवायची सवय त्यांना लागणार कुठून?

दाद द्यायची नाही हा नियम कौशिकदादांचा, म्हणजे खरा त्यांचाही नाही. कौशिकदादा पुण्याचे, गॅसच्या प्लांटवर सेफ्टी बघतात, आणि सेफ्टीतल्या माणसाचं नियमांवर जितकं प्रेम असतं तितकं बायकोवरही नसतं, असं त्यांची बायको, सुचित्रावहिनी, स्वतःच सांगते. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात म्हणे काही संगीतकारांनी वैतागून आपलीच एक मंडळी काढली. मोठ्या सभागृहांत त्यांचं नवं संगीत कुणी वाजवत नसे, आणि वाजवलं तर लोक शिट्ट्या मारत. मग त्यांनी ठरवलं, आपलं आपण वाजवायचं, आपल्याच माणसांपुढं, भरपूर तालीम करून. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, कुणाचं काय वाजणार हे आधी सांगायचं नाही, आणि अवघड असेल ते पुन्हा वाजवायचं. कौशिकदादांनी हे कुठंतरी वाचलं आणि मदिनत खलीफातल्या आपल्या व्हिलाच्या दिवाणखान्यात तीच घडी बसवली. आमच्या मंडळाचं नाव ‘पुन्हा’. प्रत्येक नवी रचना चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा वाजते. लिहिणाऱ्याचं नाव दुसऱ्यांदा वाजून झाल्यावरच सांगतात. चहानंतर ज्याला थांबायचं नाही त्यानं खुशाल जावं, कुणी रागवत नाही. त्यामुळं दुसऱ्या वेळी किती खुर्च्या भरल्या हे आम्हा लिहिणाऱ्यांचं प्रगतिपुस्तक. वाजवणाऱ्यांनाही कागदावर नाव दिसत नाही, आणि लिहिणाऱ्यानं तालमीला फिरकायचं नाही. म्हणजे त्या दिवशी माझी रचना लोकांनी पहिल्यांदा ऐकली आणि मीही पहिल्यांदाच ऐकली. तोवर मला ती फक्त कॉम्प्युटर वाजवून दाखवत होता, आणि कॉम्प्युटरला ना घाम येतो ना कंटाळा.

अजून एक नियम मात्र अस्सल दोह्याचा आहे. वाजवणं सुरू झालं की एसी बंद. इथं शांतता अशी नसतेच, असतो तो एसी. झोपेत, नमाजात, भांडणात, सगळ्याच्या मागं एक घों चालू असतो आणि माणसं त्यालाच शांतता समजतात. मला हे जरा जास्त कळतं, कारण माझं पोटापाण्याचं काम तेच. मोठमोठ्या इमारतींच्या डक्टमधून हवा जाते तिचा आवाज कमी करून देते मी. मीटिंगमध्ये कुणाला पटत नाही. आवाज दिसत नाही, त्यामुळं बजेटमध्ये पहिली कात्री त्यालाच लागते. एकदा एका हॉटेलच्या रिकाम्या बँक्वेट हॉलमध्ये टेस्टिंग चालू असताना आमच्या टेक्निशियननं सगळी युनिट्स एकदम बंद केली, आणि तो घों थांबला. माझ्या खांद्यांवरून कुणीतरी सामान उतरवून घेतल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी काहीतरी वाहत होते हे मला तोवर माहीतच नव्हतं. टेक्निशियन विचारत होता, मॅडम रीडिंग घ्यायचं का, आणि मी त्याला हातानं थांबायची खूण केली. ही रचना त्या क्षणाची आहे. शाळा सुटायची वाट बघत उभ्या गाडीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, लिहिली. घरात सगळ्यांना वाटायचं ऑफिसचं राहिलेलं काम करते आहे. लहानपणी पुण्यात व्हायोलिन शिकले होते एवढं ते जाणतात, आणि ते मी लग्नानंतर सोडलं असं धरून चालतात.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला पाठ आहे. घरचे म्हणाले असते, छान. आमच्या घरात सगळं छान असतं. आमटी छान, प्रमोशन छान, नवा पडदा छान, मी केस कापले तेव्हा छान आणि वाढवले तेव्हा अरे वा, छान. ही काही खोटी माणसं नाहीत. प्रेमळ आहेत, आणि प्रेमळ माणसांत राहणाऱ्याला खरं काय ते कधी कळत नाही, ही एक अडचण आहे जिच्याबद्दल बोललं तर लोक म्हणतात सुख दुखतंय. सुखच दुखत होतं माझं. माणसानं काहीतरी करावं आणि ते खरंच बरं झालंय का, एवढं एकदा, कुणी भीड न धरता सांगावं, इतकीच हाव होती. म्हणून तर ‘पुन्हा’मध्ये गेले. आणि आता तिथं, माझं नाव ठाऊक नसताना, माझ्या बिनवाजत्या जागेवर कुणीतरी “वा” म्हणालं होतं, आणि ते नेमके बाबा निघाले. ते खरं होतं की सवय? उरलेली रचना डोक्यावरून वाहून गेली, मला तेवढाच प्रश्न ऐकू येत होता.

वाजवणं संपलं, कुणी टाळी वाजवली नाही, सुचित्रावहिनींनी एसी लावला आणि सगळ्यांचे श्वास एकदम सुटले. चहाच्या टेबलापाशी मी नुसती उभी राहिले, कान टवकारून. एक बाई दुसरीला सांगत होत्या की शेवटी बरं झालं, एसी लागला आणि थंड वाटलं. एकजण म्हणत होता, हे नक्की कौशिकचंच, इतकं उदास तोच लिहू शकतो. उदास! मी तर ते आनंदानं हसू यावं म्हणून लिहिलं होतं. मला राग आला आणि बटाटेवडा घ्यायला पुढं केलेला हात मी तसाच मागं घेतला, आणि मग म्हटलं, राग वड्यावर कशाला, आणि घेतला. जैद तिकडं कौशिकदादांना समजावत होता. मोडक्या हिंदीत, हातवारे करत. त्याचं म्हणणं असं की तो मोजत होता, अगदी नीट मोजत होता, पण त्याच्या सीरियात गाणं रंगलं की ऐकणारा ‘अल्ला’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्यानं ‘अल्ला’ म्हटलं की वाजवणाऱ्याचा हात आपसूक पुढं जातो. त्याला लहानपणापासून तेच वळण आहे. वा काय, अल्ला काय, हाताला भाषा कुठं कळते? कौशिकदादांना एरवी हे ऐकून मजा वाटली असती, पण नियम मोडला होता. त्यांनी कपावर चमचा वाजवून सगळ्यांना सांगितलं की रचनेतला थांबा हा रचनेचाच भाग असतो, दुसऱ्या वेळी कृपा करून कुणीही, कसलाही आवाज करू नये. कुणाकडे बघून बोलले नाहीत, पण सगळ्यांनी बघायचं तिकडंच बघितलं.

बाबा बाहेर अंगणात जाऊन बसले होते. उन्हं उतरली होती तरी फरशी तापलेली होती, आणि ते भिंतीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, रेशमी झब्ब्यात, शिक्षा झाल्यासारखे चहा पीत होते. मला बघून ओशाळून हसले. म्हणाले, तुझ्या मंडळात तुझी मान खाली गेली माझ्यामुळं. मी म्हटलं, छे, असं काही नाही. मग जरा वेळ आम्ही शेजारच्या व्हिलाच्या छतावरचं एसीचं धूड ऐकत बसलो. मला विचारायचं होतं, आणि विचारलं की मी उघडी पडणार होते. एखाद्या तिऱ्हाइताच्या रचनेबद्दल कुणी इतक्या कळकळीनं विचारत नाही. तरी विचारलं, जमेल तितक्या सहज आवाजात, की बाबा, तिथं तर काहीच वाजत नव्हतं, मग वा कशाला म्हणालात.

“मी कुठं म्हणालो,” ते म्हणाले. “सुटलं.”

“पण का सुटलं?”

त्यांनी कप खाली ठेवला. दाढ बघून झाल्यावर ते आरसा असाच खाली ठेवतात, पेशंटला वाटतं आता काय सांगणार. “निशी, मी रात्र रात्र बसून गाणं ऐकलंय. त्यातलं शास्त्र मला फार कळत नाही. पण एक कळतं, की गाणारा थांबला कधी आणि अडकला कधी. अडकला तर आपण खाली बघतो, बिचाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. हे जे कोण आहे ते थांबलं होतं. पुढचं सगळं हातात असून थांबलं होतं. बाकी त्यातलं मला पुष्कळसं काही कळलं नाही, सुरुवातीला तर वाटलं वाद्यं अजून जुळायची आहेत.”

आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्या एखाद्या गोष्टीला पूर्णपणे छान म्हणाले नव्हते. सुरुवात त्यांना आवडली नव्हती! मला उठून नाचावंसं वाटलं. आणि त्याच भरात, नियम, दोन उन्हाळे जपलेलं गुपित, सगळं एका वाक्यात गेलं.

“बाबा, ते माझं आहे.”

त्यांनी आधी खुर्चीखाली बघितलं, माझी पर्सबिर्स राहिली की काय म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. मग बंद दाराकडे, जिथून फरहा चेलो जुळवत असल्याचा आवाज येत होता. त्यांचा चेहरा उजळायला लागला, आणि मला दिसलं की आता ते म्हणणार. ओठांवर आलेलं मला दिसलं. छान. पण ते म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द दाताखाली धरला आणि गिळला, आणि डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे.

आतून सुचित्रावहिनींनी हाक दिली, यल्ला मंडळी, चला. मी उठले, बाबा उठले नाहीत. मी म्हटलं, चला ना, तर त्यांनी मान हलवली.

“मी नाही येत. मघाशी तिथं एक ऐकणारा बसला होता. आता गेलो तर सासरा बसेल. सासऱ्याचं वा तुला काय कमी मिळालंय? त्याचं काय लोणचं घालायचंय?”

मला वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू. माझ्या घरचं तिथं आलेलं एकुलतं एक माणूस माझ्या रचनेला बाहेर उकाड्यात बसणार, आणि तेही मीच तोंड उघडलं म्हणून. एक मन म्हणत होतं, हाताला धरून आत ने, म्हातारं माणूस आहे, ऐकेल. दुसरं मन म्हणत होतं, तुला खरं हवं होतं ना, मग खरं असंच असतं, ते पुन्हा मागून मिळत नाही. मी त्यांच्यासाठी पंख्याची सोय होते का बघितलं, गार पाण्याची बाटली आणून दिली. त्यांनी हातानं खूण केली, जा, आणि दार नीट लावून घे, म्हणाले, इथून ऐकू आलं तर मला राहवायचं नाही.

आत खुर्च्या जवळजवळ भरलेल्या होत्या. दोघंतिघं गेले होते, पण त्यांतला एक ड्यूटीवर जायचा होता, त्याला मी मनातल्या मनात माफ केलं. शेजारची खुर्ची रिकामी, अत्तराचा वास तेवढा उरलेला. एसी बंद झाला, घों गेला, आणि अंतरानं गज उचलला. सुरुवात ऐकताना मी बाबांच्या कानांनी ऐकत होते आणि मला हसू येत होतं, कारण ते बरोबर बोलले होते. खरोखरच कुणीतरी वाद्यं जुळवत बसल्यासारखं होतं ते. पुण्यातल्या माझ्या व्हायोलिनच्या बाई आठवल्या. त्या प्रत्येक मुलीला म्हणायच्या, तू तयार झालीस की वाजव, तयार होतेस हे आम्हाला ऐकवू नकोस. बाईंना जाऊन किती वर्षं झाली, आणि त्यांचं बोलणं इथं अरबांच्या मुलखात, घामानं चिकटलेल्या ओढणीत कळत होतं. मला कळल्याचं दुःख होत नव्हतं, उलट भूक लागल्यावर वाटतं तसं वाटत होतं. पुढं ते सावरलं. जैदचा व्हायोला वर चढला तिथं पुढच्या रांगेतल्या एका माणसानं पाय हलवायचं थांबवलं, ते मी बघितलं. मग फरहा उतरायला लागली, पायरी पायरीनं, आणि मी खुर्चीत पुढं सरकले.

ती गप्प झाली. गज उचलले गेले. कुणीही, कसलाही आवाज केला नाही.

आणि मग माझी शांतता मला आली, अख्खी, जशी लिहिली होती तशी. सुरुवातीला ती इतकी सुंदर होती की मला त्या बँक्वेट हॉलमधल्यासारखे खांदे हलके झालेले जाणवले. पंचवीस माणसं दोह्यात बसून काहीच ऐकत होती. माझ्या छातीत ते भरत गेलं, भरत गेलं, काठापर्यंत आलं, आणि मला लख्ख कळलं, इथं. मघाशी बाबांचं वा आलं ते इथंच. इथं व्हायोला यायला हवा. पण जैद बिचारा मान खाली घालून मोजत होता. नियमाप्रमाणे, मी लिहिल्याप्रमाणे, तो मोजत राहिला. शांतता पुढं चालू राहिली, आणि ती आता निरोप घेऊन झाल्यावरही दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखी झाली. कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. कुणी कपाळ पुसलं. कौशिकदादांनी डोळे मिटले होते, ते उघडले. दोन उन्हाळे मी तोललेली ती जागा, जिच्यासाठी मी बाबांवर मनातून चिडले होते, ती निम्मीअधिक फुकटची होती. कॉम्प्युटरसमोर बसून मी ती एकटीच्या मापानं बेतली होती. माणसांचा श्वास किती पुरतो हे मला माहीतच नव्हतं, आणि बाबांच्या छातीला ते माहीत होतं, कारण तीही त्या श्वास धरणाऱ्यांतली एक होती. मला इतका आनंद झाला की मी तोंडावर ओढणी धरली. चूक सापडल्याचा एवढा आनंद होतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी केव्हाच चुकायला सुरुवात केली असती.

नाव सांगितल्यावर सगळे माझ्याकडे वळले. उदास म्हणणारे गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की दुसऱ्यांदाही त्यांना उदासच वाटलं. मी त्यांचे मनापासून आभार मानले, त्यांना ते जरा विचित्र वाटलं असावं. जैदनं शुक्रन म्हणत, आभार मानत, छातीवर हात ठेवला आणि विचारलं, या वेळी मोजणं बरोबर होतं ना. मी म्हटलं, अगदी बरोबर, आणि पुढच्या वेळी मी तुला मोजायला कमी देणार आहे. मग दार उघडून अंगणात गेले.

बाबा तिथंच होते. बाटली रिकामी झाली होती, झब्बा पाठीला चिकटला होता, आणि त्यांनी कसं झालं असं विचारलं नाही. मी शेजारी बसले आणि सांगितलं की थांबा लांबला होता, त्यांचं वा सुटलं त्याच जागी संपायला हवा होता. ते ऐकून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते विचारात पडले.

“तसं असेल तर कमी कर,” ते म्हणाले. “तुझंच आहे. पुढचं कधी लिहिणार?”

“अजून काहीच सुचलेलं नाही.”

“सुचेल. माझा व्हिसा असेतो लिही, नाहीतर मी पुन्हा येईन.” ते खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले, झब्बा झटकला, आणि गाडीच्या दिशेनं चालायला लागले. मग थांबले, मागं न बघता म्हणाले, “आणि निशी, पुढच्या वेळी त्यातलं तुझं कुठलं, ते मला सांगू नकोस.”